चौथी नोंद

आमच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी दरवर्षी दोन तासांचा एक वर्ग घेते. मी तिथे ग्रंथपाल आहे. वेळापत्रकात त्या वर्गाचं नाव लांबलचक आहे. मुलं त्याला ‘लायब्ररीवाल्या मॅमचं लेक्चर’ म्हणतात. माहिती कुठे शोधायची, सापडली की ती खरी आहे हे कसं तपासायचं, दुसऱ्याचं काम वापरलं तर त्याचा उल्लेख कसा करायचा, एवढंच त्यात असतं.

सुरुवातीला मी एक छापील कागद वाटते. त्यावर पाच शोधनिबंधांच्या नोंदी असतात: लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष, आणि खाली दोन ओळींचा सारांश. हे पाच निबंध मुलांनी शोधून काढायचे. चार सापडतात. एक सापडत नाही, कारण तो कोणी लिहिलेलाच नसतो. ती नोंद मी बनवलेली असते. मुलं आधी स्वतःला दोष देतात, मग नेटला, मग आमच्या जुन्या कंप्यूटरांना. कागदाला दोष कोणी देत नाही. शेवटच्या दहा मिनिटांत मी सांगते की चौथी नोंद खोटी आहे. वर्ग हसतो, थोडा चिडतोही, आणि मी म्हणते, “माझ्यावर विश्वास ठेवलात ना, तिथेच चुकलं.” बाकीचा सगळा वेळ त्या दहा मिनिटांची तयारी असते.

चौथ्या नोंदीतला लेखक म्हणजे माझे यजमान.

ते लालबागच्या एका गिरणीत, रंगखात्याच्या प्रयोगशाळेत होते. गिरणी बंद झाल्यावर एका शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून राहिले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांनी आयुष्यात एकही निबंध लिहिला नाही. पण पाण्याचा त्यांना नाद होता. पाणी कठीण असलं, म्हणजे ज्यात साबणाला फेस येत नाही तसलं असलं, की कापडावर रंग एकसारखा चढत नाही. गिरणीची विहीर तपासता तपासता त्यांना आसपासच्या चाळींमधल्या विहिरी तपासायची सवय लागली. सुट्टीच्या दिवशी बाटली घेऊन काळाचौकीपासून रे रोडपर्यंत हिंडायचे.

तो कागद मी पहिल्यांदा तयार करत होते तेव्हा लेखकाच्या नावापाशी अडले. कुठलंही आडनाव घ्यावं, तर त्या नावाचा एखादा शास्त्रज्ञ असायचाच. ते समोर वाटाणे सोलत बसले होते.

“नाव माझाच घाल गो,” ते म्हणाले. “माका खंय कोण वळाखता?”

शीर्षकही त्यांनीच दिलं, गिरणगावातल्या विहिरींच्या पाण्याबद्दलचं. सारांशाच्या दोन ओळीही त्यांच्याच. काळाचौकीतल्या तालमीमागच्या विहिरीचा आकडा त्यांनी वाटाणे सोलता सोलता सांगून टाकला.

“आकडा नक्की आहे का पण?” मी विचारलं.

“खोट्या लेखात आकडो खरो कित्याक होयो?”

नियतकालिकाचं नाव मी दोन खऱ्या नावांचे तुकडे जोडून केलं. पुढची पाच-सहा वर्षं तो कागद चालला. वर्गानंतर घरी आले की ते विचारायचे, “गावलंय मी कोणाक?” मी म्हणायचे, “नाही.” ते समाधानाने मान हलवायचे.

मागच्या वर्षीच्या वर्गाच्या दिवशी ते परळच्या इस्पितळात होते. आठवडाभर होते, सुधारत होते, म्हणून मी वर्ग रद्द केला नाही. इस्पितळ कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर. त्यांच्याजवळ नणंद बसली होती. मुलं चौथ्या नोंदीवर आली होती आणि नेहमीसारखी कुजबुज सुरू झाली होती, तेवढ्यात फोन आला.

“वहिनी, या जरा,” नणंद म्हणाली. “लगेच या.”

मी मुलांना म्हटलं, “उरलेलं पुढच्या वेळी.” पर्स घेतली आणि निघाले. ते त्याच संध्याकाळी गेले.

पुढची वेळ आलीच नाही. पंधरा दिवसांनी मी कामावर आले तेव्हा वेळापत्रक पुढे सरकलं होतं, मुलांच्या परीक्षा जवळ आल्या होत्या. चौथ्या नोंदीची मला वर्षभरात एकदाही आठवण झाली नाही. खरंच झाली नाही की आठवण होऊनही मी ती बाजूला सारली, हे मी अजून स्वतःला विचारते. मला आठवतं त्याप्रमाणे, नाही झाली.

आमच्याकडे दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं प्रोजेक्ट बांधणीला जाण्याआधी माझ्याकडे येतं. मुंबईत त्या काळ्या बांधणीच्या प्रतीला सगळे ब्लॅक बुक म्हणतात. मजकूर कुठून उचललेला नाही ना, हे मी सॉफ्टवेअरवर तपासायचं, संदर्भसूची डोळ्यांखालून घालायची आणि सही करायची. यंदा एका मंगळवारी सकाळी एका मुलीचं प्रोजेक्ट उघडलं. विषय होता काळाचौकीतल्या विहिरींचं पाणी. मला बरं वाटलं, त्यांना आवडलं असतं असंही वाटलं. सूचीत खाली खाली गेले. सतराव्या क्रमांकावर त्यांचं नाव होतं.

वर्षभर ते नाव मी बँकेच्या आणि सोसायटीच्या फॉर्मांवरच पाहिलं होतं, आणि प्रत्येक ठिकाणी पुढे ‘मयत’ लिहावं लागलं होतं. इथे आधी आडनाव, मग दोन आद्याक्षरं, मग शीर्षक. पुढे खंड क्रमांक आणि पानांचे आकडे.

खंड आणि पानं मी कागदावर दिली नव्हती. त्यामुळे काही क्षण मला खरोखरच असं वाटलं की त्यांनी मला न सांगता कुठेतरी लिहून पाठवलं होतं. मी शोधलं. आमच्या डेटाबेसमध्ये शोधलं, मग बाहेर शोधलं, मग आडनावाचं स्पेलिंग बदलून शोधलं. काही नव्हतं. तेव्हा कळलं, ही माझीच चौथी नोंद होती.

मी प्रोजेक्टचं शेवटचं प्रकरण काढलं. तालमीमागच्या विहिरीच्या पाण्याचा कठीणपणा जुन्या नोंदीच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट झाला आहे, असा निष्कर्ष होता आणि पुढे कंसात सतरा. सगळं त्यावर उभं होतं. सोबत तिच्या मार्गदर्शक सरांची चिठ्ठी होती: हे आंतरमहाविद्यालयीन रिसर्च फेस्टिव्हलला पाठवायचंय, जरा लवकर बघा. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी प्रोजेक्ट दाखल करायची शेवटची तारीख होती. बनावट संदर्भ सापडला तर आमच्याकडे प्रोजेक्ट परत जातं, आणि परत गेलं की सहा महिने गेले. ह्या मुलीला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी ठरली होती. निकाल दाखवायचा आणि रुजू व्हायचं, असं तिने फॉर्म भरताना मला स्वतः सांगितलं होतं.

मी सही केली नाही, पण कोणाला काही सांगितलंही नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. सरांनी जिन्यात विचारलं, “झालं का मॅडम?” मी म्हटलं, “चाललंय.” खरं तर माझं काय चाललं होतं ते लिहायला लाज वाटते. तिला बोलावून नुसतं म्हणावं, सतरा नंबर काढ, ते वाक्य काढ, कारण विचारू नकोस. सही करावी. कोणाला कळणार नव्हतं. पाच-सहा वर्षं ज्या गोष्टीविरुद्ध मी मुलांना सावध करत होते ती मला किती सोपी वाटत होती, याची भीती वाटली. आणि दुसरी भीती त्याच्या मागेच होती: त्या वर्गात एकतीस मुलं होती. हे एकीचं सापडलं. बाकीच्यांचं काय?

गुरुवारी तिला बोलावलं. ती आली आणि उभ्या उभ्याच विचारलं, “मॅम, सिमिलॅरिटी जास्त आली का?”

“नाही. बस. सतरा नंबरचा संदर्भ कुठून घेतलास?”

“तुमच्याच शीटमधून,” ती म्हणाली. “लास्ट इयरला दिलेलं ना तुम्ही? त्यात आमच्याच चाळीजवळची, तालमीमागची विहीर होती. म्हणून तर टॉपिक घेतला मी.”

“मूळ लेख वाचलास?”

तिने बॅगेचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला. “पूर्ण नाही मिळाला. वाटलं, पैसे भरून ओपन होत असेल.”

“मग खंड, पानं?”

“एआयला विचारलं. त्याने दिलं.” मग घाईने, “क्रॉसचेक केलं मॅम. परत विचारलं, हे खरं आहे ना म्हणून. हो बोलला.”

एरवी मी हे वर्गात सांगून हसवलं असतं. मी म्हटलं, “तो लेख नाहीये.”

“काढून टाकला?”

“नव्हताच कधी. मी बनवलाय.”

“कशाला?”

मी सांगितलं. पाच नोंदी, चौथी खोटी, शेवटची दहा मिनिटं. ती ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता तो येत नव्हता, त्यामुळे मला जास्त त्रास होत होता.

“आम्हाला नाही सांगितलं तुम्ही,” ती म्हणाली.

“नाही. मला फोन आला होता.”

“हां. त्या दिवशी,” ती म्हणाली. “मग ते लेखक पण बनवलेले?”

“लेखक खरे होते. माझे मिस्टर.”

सॉरी वगैरे म्हणाली नाही, त्याचं बरं वाटलं. मग म्हणाली, “आणि विहीर? आकडा?”

“विहीर खरी. आकडा त्यांनी तोंडी सांगितला होता.”

“मग लिहिलेला असणार ना कुठेतरी. पाणी टायट्रेशन करून तपासायचं आणि लिहून ठेवायचं नाही, असं कोण करतं?”

हे मला आधीच सुचायला हवं होतं. खरं म्हणजे सुचलं होतं. त्यांच्या वह्या घरी माळ्यावर होत्या, गिरणीच्या कापडाच्या पिशवीत, आणि मी त्या पिशवीला हात लावला नव्हता. आधी दुःख म्हणून, आणि मंगळवारपासून वेगळ्याच कारणाने. समजा त्यात ती विहीर नसेलच तर? समजा वाटाणे सोलता सोलता त्यांनी तोंडाला आला तो आकडा सांगितला असेल तर? मला त्यांच्याविषयी ते कळायला नको होतं.

“रविवारी घरी ये,” मी म्हटलं.

शुक्रवार-शनिवार मी इतर मुलांची प्रोजेक्टं काढून सूच्या वाचल्या. जी माझ्यापर्यंत आली होती ती सगळी. बाहेर काउंटरवरच्या बाईंनी विचारलंही, “मॅडम, काही हरवलंय का?” कशातही काही सापडलं नाही. तरी मी तीच प्रोजेक्टं पुन्हा पहिल्यापासून वाचली.

रविवारी सकाळी ती आली. मी पिशवी आधीच खाली काढून ठेवली होती, उघडली मात्र नव्हती. तिने विचारलं, “मी काढू?” मी मान हलवली. ती चपला दारात काढून सरळ लादीवर बसली आणि एकेक वही बाहेर काढून ओळीत लावू लागली. सात वह्या निघाल्या. गिरणीच्या छापील रजिस्टरांची मागची कोरी पानं शिवून त्यांनीच केलेल्या. काहींवर निळे-जांभळे डाग होते. अक्षर बारीक, सरळ, किराणा मालाच्या यादीतही ते असंच काढायचे. मी खुर्चीत बसून राहिले.

“ब्युरेटचं रीडिंग तीन-तीन वेळा घेतलंय यांनी,” ती मान वर न करता म्हणाली. “आमच्यात दुसऱ्यांदा पण कोणी घेत नाही. पहिलंच थोडं बदलून लिहितात.”

“हे मला सांगू नकोस.”

“सगळ्यांना माहितीये मॅम.”

चौथ्या की पाचव्या वहीत तिला विहीर सापडली. ‘तालीम, मागची’ एवढंच लिहिलं होतं. तिने वही माझ्याकडे वळवली, आणि मला पहिल्यांदा काय वाटलं तर सुटल्यासारखं वाटलं. त्यांनी आकडा बनवला नव्हता. तो तिथे होता, जसाच्या तसा, वाटाण्यांच्या वेळी सांगितलेला.

ती अजून वाचत होती. “दोन एंट्री आहेत,” ती म्हणाली.

एक भाद्रपदातली, एक वैशाखातली. ते महिने मराठीच लिहायचे. त्यांनी मला सांगितला होता तो आकडा भाद्रपदातला, पावसाळा होऊन विहीर भरल्यानंतरचा. पावसाचं पाणी मिसळलं की कठीणपणा उतरतो. त्या मुलीने आपला नमुना घेतला होता मे महिन्यात. तिने मोबाइलवर हिशेब केला, पुसला, परत केला.

“मॅम, मेचा मेशी लावला तर फरकच नाहीये.”

“किती?”

“नाहीच जवळजवळ.” तिने वही लादीवर ठेवली. “माझं कन्क्लूजन गेलं.”

मी आत जाऊन चहा टाकला. खालच्या रस्त्यावर गणपतीच्या कारखान्याच्या मांडवासाठी बांबू उतरवत होते, त्याचा आवाज येत होता. चहा आणला तो तिने पुढ्यात तसाच ठेवला.

“हे बघितलंच नसतं तर बरं झालं असतं ना?” तिने विचारलं.

याचं उत्तर मी वर्गात दरवर्षी देते. त्या वेळी मी नुसता चहा तिच्याकडे सरकवला.

“नुसतं सतरा काढून टाकू का?” ती म्हणाली. “आणि ते वाक्य. बाकी राहू दे. विहिरी आहेत अजून पाच.”

तीन दिवस मी जे तिला सुचवायचं म्हणत होते ते तिने आपण होऊन माझ्यापुढे ठेवलं, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी हो म्हटलं असतं तर तिने ते केलं असतं. त्या कागदावर विश्वास ठेवला तसाच.

“नको,” मी म्हटलं. “उद्या मी तुझ्या सरांना सांगते. चूक माझी आहे, तसं लिहून देते. वहीचं काय करायचं ते तू ठरव. तुझ्याकडे चारच दिवस आहेत.”

“सर ओरडतील.”

“माझ्यावर ओरडतील.”

“तुमच्यावर कोणी ओरडत नाही मॅम. तुम्ही हळू बोलता.” मग तिने गार झालेला चहा पिऊन टाकला आणि वहीच्या त्या दोन पानांचे फोटो काढले.

सर ओरडले नाहीत. मी लिहून दिलेला कागद त्यांनी दोनदा वाचला. “रिझल्ट काय सुंदर होता हो,” ते म्हणाले. मग, “आता तुमच्या लायब्ररीतून पुस्तक नेलं तरी दुसरीकडे विचारून खात्री करायला हवी.” ते मला लागलं, आणि लागायला हवं होतं. मग त्यांनी वही मागितली. उभ्या उभ्या पानं उलटत राहिले, त्यांचा तास सुरू झाल्याची घंटा झाली तरी. “ही माणसं पेपर का नाही लिहीत?” ते म्हणाले. विचारायला ती माणसं राहिली नव्हती.

तिने दोन प्रकरणं पुन्हा लिहिली. बुधवारी दुपारी ती धावत काउंटरवर आली. “मॅम, वहीचा फॉरमॅट काय?” हेही मी वर्गात शिकवते, नेहमी कुठल्या तरी पुस्तकातलं उदाहरण घेऊन. मी तिला सांगत गेले आणि ती टाइप करत गेली. आडनाव, आद्याक्षरं. प्रयोगवही. अप्रकाशित. वर्ष वहीच्या पुठ्ठ्यावर होतं. शेवटी, वही कुठे आहे ते लिहायचं असतं, म्हणजे शंका आलेल्याला येऊन बघता यावी.

“कुठे लिहू?” तिने विचारलं.

“कुटुंबीयांकडे,” मी म्हटलं. घरी मी एकटीच असले तरी ते बहुवचन लिहिताना ती थांबली नाही.

गुरुवारी मी सही केली. शुक्रवारी ब्लॅक बुक दाखल झालं. ते फेस्टिव्हलला गेलं नाही. काही बदललं नाही असा निष्कर्ष ऐकायला तिथे कोणी थांबत नाही, असं सर म्हणाले. तोंडी परीक्षेच्या दिवशी मी तिसऱ्या मजल्याकडे कान लावून खाली बसले होते. ती उतरून आली.

“बाहेरचे एक्झामिनर होते, त्यांनी सतरावरच बोट ठेवलं. कोण हे, म्हणाले.”

“मग?”

“म्हटलं, गिरणीत होते. तीन-तीन रीडिंग घ्यायचे.”

ती पास झाली. सध्या ती त्या कंपनीत आहे, एवढं मला माहीत आहे.

निकालाआधी एका शनिवारी मी त्या तुकडीला ग्रंथालयात बोलावलं. फक्त दहा मिनिटं, असं कळवलं होतं. पंचवीस जण आले. कशाला बोलावलंय म्हणून हसत, एकमेकांना ढकलत आले. मी तो जुना कागद पुन्हा वाटला आणि म्हटलं की चौथी नोंद खोटी आहे. कोणी हसलं नाही. एका मुलाने विचारलं, “मॅम, हे तुम्ही आम्हाला वर्षभर सांगितलंच नाही?” मी म्हटलं, “नाही. मी सांगायची राहिले.” मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, “माझ्या सेमिनारमध्ये होतं रे ते.” ते स्लाइडवरच होतं, छापलेलं नव्हतं. तरी मी त्याच्याकडून ती फाइल मागून घेतली आणि बघितली.

न आलेल्या सहांपैकी चौघांशी फोनवर बोलले. एकीचा नंबर बंद आहे. एक जण वापीला नोकरीला लागलाय, त्याला मी तीनदा मेसेज केला, तो वाचल्याची खूण दिसते, उत्तर येत नाही. त्यांनी तो आकडा कुठे वापरलाय की नाही मला माहीत नाही. कुठल्या एखाद्या अहवालात जाईल, तिथून दुसऱ्यात, आणि मग तो शोधनिबंध नव्हताच हे सांगायला माझा एकटीचा शब्द उरेल. आता कागदावरची चौथी नोंद मी बदलली आहे. सारांश ठेवत नाही, आणि खोटी कुठली ते कागदाच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं. मुलं लगेच उलटून बघतात. वर्गाला पूर्वीची मजा नाही.

दर सोमवारी ग्रंथालय उघडायच्या आधी मी पंधरा मिनिटं लवकर येते. दिवे लावायच्या आधी कंप्यूटर लावते आणि शोधाच्या चौकटीत त्यांचं आडनाव आणि दोन आद्याक्षरं टाकते. स्पेलिंग बदलून दोन प्रकारे टाकते. अजून तरी काही येत नाही. खाली ‘एकही निकाल नाही’ अशी ओळ येते, ती मी पूर्ण वाचते, मग चौकट रिकामी करते आणि उठून काउंटरचे दिवे लावते.